मोटार-पंपाच्या मिस्त्रीनं गाडी कोणती घ्यावी, आणि तिच्यातलं तांबं कसं सांभाळावं

घाटंजी तालुक्यातल्या एका तरुण मिस्त्रीचा प्रश्न आहे. घरीच वायंडिंगचं (जळालेल्या मोटारीत तांब्याची तार पुन्हा भरायचं) छोटं दुकान, वावरात जाऊन मोटारी काढणं-टाकणं, जोडीला घरांची वायरिंग आणि नळफिटिंग. सहा वर्षं मोटारसायकलवर निघाली. मोटार आणायची म्हटली की कास्तकाराची बैलबंडी, नाही तर भाड्याचा ऑटो. आता गाडी घ्यायची आहे. मारुतीची ईको व्हॅन घ्यावी, टाटाचा छोटा हत्ती (एस) घ्यावा, की महिंद्राची जुनी बोलेरो पिकअप? दुसरी गोष्ट, मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी मोटारसायकलच्या डिक्कीतून क्लॅम्प मीटर आणि तांब्याच्या तारेची दोन बंडलं गेली, तर गाडी आल्यावर सामान सुरक्षित कसं ठेवायचं, आणि गाडीवर नाव-नंबर लिहावा का?

भाऊ, मी आर्वीकडचा. हेच काम सव्वीस वर्षांपासून करतो. आतापर्यंत एक जुनी ओम्नी, एक छोटा हत्ती आणि दोन ईको वापरून झाल्या. दोनदा मोठी चोरीही झाली. म्हणून थोडं लांबवून सांगतो.

शोरूममध्ये जायच्या आधी एक शंभर पानी वही घ्या आणि पंधरा दिवस रोजची कामं लिहा: कुठं गेलो, काय नेलं, सोबत कोण होतं. हे मी स्वतः केलं नव्हतं, म्हणून चुकलो. मला वाटायचं, आपण मोटारी उचलणारे लोक, आपल्याला डाला (मागं माल ठेवायचा उघडा भाग) पाहिजे. घेतला छोटा हत्ती. मग कळलं की दहातली सात कामं म्हणजे स्टार्टर पाहणं, केबलचा जॉइंट, कपॅसिटर, फूटवॉल्व्ह (आमच्याकडे सगळे त्याला फुटबॉलच म्हणतात), घरातला बोर्ड. दोन कामांत मोटार वाहायची असते. उरलेल्या एखाद्या कामात पाइप. म्हणजे आठवड्यातले चार दिवस मी रिकामा डाला खडखडवत एक पेटी आणि मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) घेऊन फिरत होतो. जड काम महिन्यातून तीनदा येत असेल तर त्या तीन दिवसांपुरतं भाडं द्या. गाडी उरलेल्या सत्तावीस दिवसांच्या हिशेबानं घ्या.

आता वजन. आरसी बुकावर दोन आकडे असतात, अनलेडन वजन आणि ग्रॉस वजन. मोठ्यातून लहान वजा करा. जे उरेल त्यात चालकासह माणसं आणि माल दोन्ही बसवायचे असतात. आपल्या कामाचा हिशेब असा: पाच एचपीची सबमर्सिबल पंपासह साठ-सत्तर किलो. चेनकुप्पी (मोटार वर ओढायची साखळीची कप्पी) साखळीसकट तीस. घोडीचे (विहिरीवर उभ्या करायच्या तिपाईचे) पाय दोन इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचे, हा पाइप मीटरला पाच किलोच्या आसपास भरतो, तर पाच-पाच मीटरचे तीन पाय म्हणजे पंच्याहत्तर. शंभर मीटर केबल पंचवीस-तीस. हत्यारांची पेटी साठ. तुम्ही आणि एक पोऱ्या मिळून एकशे तीस. बेरीज चारशेच्या अलीकडे-पलीकडे. ईको कार्गोत (ईकोचाच मालवाहू प्रकार) हे बसतं आणि वर थोडी जागाही राहते. सीएनजीची घेतली तर टाकीचं वजन त्यातून जातं, हे लक्षात ठेवा. वजनाच्या पुढं गेलात आणि वजनकाट्यावर सापडलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००. माल गाडीच्या बाहेर लोंबकळत असेल तर त्यालाही २०,००० आहेत. आपण लोक मागं लाल फडकं बांधून निघतो आणि समजतो झालं काम. फडक्यानं दंड चुकत नाही.

त्यामुळे लांबीचा विचार आधीच करा. ईको बंपरपासून बंपरपर्यंत पावणेचार मीटरच्या आत आहे. जीआयचा पाइप येतो सहा मीटरचा. तो कॅरिअरवर टाकून राज्य मार्गावर जाऊ नका. दुकानदाराच्या गाडीतून थेट वावरात टाकायला लावा, पाच-पन्नास रुपये जास्त गेले तरी चालेल. सबमर्सिबलचा यूपीव्हीसी कॉलम पाइप (ज्याला मोटार लटकते तो प्लास्टिकचा पाइप) तीन मीटरचा असतो, तो कॅरिअरवर नीट बसतो. घोडीचं मी असं केलं: प्रत्येक पाय मधून कापला, आतून दीड फुटाचा जाड पाइप सरकवला आणि आरपार दोन बोल्ट मारले. अडीच-अडीच मीटरचे सहा तुकडे झाले, गाडीच्या लांबीत बसले. फक्त बोल्ट चांगल्या प्रतीचेच वापरा. विहिरीवर मोटार अधांतरी असताना घोडीचा पाय वाकलेला मी एकदा पाहिला आहे, पुन्हा पाहायचा नाही.

माणसांचं गणित बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ईको कार्गोत दोनच सीट, छोट्या हत्तीच्या केबिनमध्येही तेवढेच. आपलं काम तर बऱ्याचदा तिघांचं. मग तिसरा मागं मालावर बसतो. मालगाडीत असं माणूस बसवलं आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते, आणि भरपाई आपल्या सातबाऱ्यावर येते. रोज दोन पोरं सोबत नेत असाल तर पाच सीटची ईको पाहा, किंवा दुसऱ्या पोराला मोटारसायकलवर येऊ द्या. पाच सीटची घेऊन मागची सीट काढून टाकणारे खूप आहेत. आरसीवर जे लिहिलं त्यापेक्षा गाडी वेगळी करायची तर आरटीओची परवानगी लागते, कलम ५२ मध्ये तसं स्पष्ट आहे. रोज कोणी अडवत नाही हे खरं. प्रश्न येतो अपघाताच्या दिवशी, सर्व्हेअर येतो तेव्हा.

आता पांदण, म्हणजे वावरात जाणारी गाडीवाट. तुमच्या भागात आणि आमच्या भागात माती तीच काळी, चिकट. ईकोखाली मोकळी जागा १६० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सव्वासहा इंच. बंडीच्या चाकोऱ्या खोल गेल्या की मधला उंचवटा पोटाला घासतो. म्हणून काही लोक बोलेरोवर जातात. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पाऊस पडून गेल्यावर पहिले दोन दिवस काळ्या मातीत ईकोही जात नाही आणि दोन चाकांवर ओढणारी बोलेरो पिकअपही जात नाही. फरक एवढाच की बोलेरो आणखी शंभर फूट आत जाऊन फसते आणि काढायला ट्रॅक्टर लागतो. जुलै ते सप्टेंबर गाडी डांबरीवर ठेवायची आणि सामान बंडीनं न्यायचं, हा नियम गाडी कोणतीही घेतली तरी तोच. चिखलाच्या भीतीपोटी तीन-चार लाख जास्त घालू नका.

ईको मागच्या चाकांवर ओढते. म्हणून हत्यारांची जड पेटी मागच्या एक्सलच्या बरोबर वर बसवा, रिकामी गाडी ओल्यात घसरत नाही. गाडीत चार पोती कायम असू द्या. फसली तर धुऱ्यावर पऱ्हाट्या-तुराट्या (कापसाच्या-तुरीच्या वाळक्या काड्या) मिळतातच, त्या चाकाखाली आडव्या टाका. पण कापूस उपटल्यानंतरच्या वावरात गाडी घालू नका, पऱ्हाटीचं खुट टायरमधून सुईसारखं आत जातं. डिसेंबर-जानेवारीत माझे सगळ्यात जास्त पंक्चर असेच झाले.

छोट्या हत्तीबद्दल वाईट बोलणार नाही. २००५ साली आला, दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, आणि आज कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी तो खोलून बसवणारा मिस्त्री सापडतो. तुमचं काम मुख्यतः मोटारी आणि पाइप वाहण्याचं असेल, वायरिंगचं नसेल, तर तोच घ्या. पण उघडा डाला म्हणजे उघडं दुकान. बंद बॉडी बांधली तर तिचं वजन मालातून जातं आणि वळणावर गाडी वरून झुकते. तीनचाकी ॲपेचा विचार करत असाल तर सोडून द्या, चाकोरीत कलंडते. बोलेरो पिकअप त्या लोकांची, जे रोज खोल बोअरमधल्या मोटारी काढतात आणि ज्यांच्याकडे चार माणसांची टोळी आहे. वरुड-मोर्शीकडं संत्र्यासाठी बोअर खोल खोल गेले आहेत, तिकडच्या मिस्त्र्यांना ती परवडते. घाटंजीत तुमचं बहुतेक काम विहिरीवरचं. विजेवर चालणाऱ्या छोट्या मालगाड्याही आल्या आहेत, पण ज्या फीडरच्या (शेतीला वीज देणाऱ्या लाइनीच्या) रात्रपाळीमुळं आपल्याला अकरा वाजता फोन येतो, त्याच फीडरवर गाडी चार्ज करायची हिंमत मला होत नाही.

म्हणजे माझं उत्तर ईको, आणि शक्यतो पेट्रोल. सीएनजी स्वस्त पडतो हे शहरात ठीक. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप आहे का ते आधी पाहा. नागपुरात २०२२ मध्ये सीएनजी किलोला शंभराच्या वर गेला होता, तेव्हा ज्यांनी सीएनजीच्या हिशेबानं हप्ते ठरवले होते त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. ईकोत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे उन्हाळ्यात बूड भाजतं. त्यावर उपाय नाही, जाड गोधडी घाला.

कार्गो घेतली की पिवळी पाटी. त्याला घाबरू नका. ग्रॉस वजन ३,००० किलोच्या आतल्या मालगाडीला परमिट लागत नाही. लायसन्सही साधं हलक्या वाहनाचं चालतं. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळं लायसन्स नको, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. फिटनेस मात्र आठ वर्षं होईस्तोवर दर दोन वर्षांनी आणि मग दर वर्षी. आपल्या राज्यात मालगाडीला आठ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. जुनी घेताना हा खर्च किमतीत धरा.

जुन्या गाडीबद्दल दोन-तीनच गोष्टी. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, म्हणजे सगळ्यात नवी ओम्नीही आता म्हातारीकडं झुकली आहे. पैसे अगदीच कमी असतील तरच घ्या. वणी, घुग्घुस, भद्रावतीकडची गाडी स्वस्त मिळते, पण ती खाणीवर चाललेली आहे का पाहा: सीटच्या पट्टीत बोट घाला, डॅशबोर्डच्या फटीत पांढरं फडकं फिरवा, काळी पूड निघाली तर किंमत आणखी पाडा नाही तर निघा. दुधाच्या नाही तर मासळीच्या गाडीचा तळ सडलेला असतो, मॅट उचलून पेचकसानं दाबून पाहा. युरिया वाहिलेली असेल तरी तेच. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बँकेचा बोजा, विमा आणि चलनं बघा. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी. “नाव नंतर करू, काऊन घाई करता?” असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आरसी आणि विमा तुमच्या नावावर नसताना गाडी चोरीला गेली तर दावा कोण करणार? नाव झालं की चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो.

पैशाचं. नवी ईको कार्गो पाच-सहा लाखांच्या घरात जाते. पाच लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं, तर हप्ता साधारण १०,६०० बसतो. बँकेला हप्ता दर महिन्याला लागतो, आणि आपले कास्तकार म्हणतात, “कापूस निघू दे ना भाऊ, मग देतो.” ते देतात, बुडवत नाहीत, पण देतात दिवाळीनंतर. म्हणून हप्ता तुमच्या ऑगस्टच्या कमाईवर ठरवा. जानेवारीच्या कमाईवर ठरवलात तर पोळ्याला उसने मागत फिराल. गाडी फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, उधारी वसूल झालेली असते, सुरुवातीचा भरणा मोठा करता येतो. मुद्रा योजनेत किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारण न देता कर्ज आहे, बँकेत तेच नाव घेऊन विचारा. २०२३ ला आलेल्या विश्वकर्मा योजनेचं कोणी सांगेल, पण तिच्या अठरा व्यवसायांत लोहार, सुतार, गवंडी आहेत, इलेक्ट्रिशियन नाही. तिथं चकरा मारू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, कारण चोरी तुमची झाली आहे.

चोराला गाडी क्वचितच पाहिजे असते. आपल्या गाडीतलं तांबं पाहिजे असतं. गाडी विकायला कागद लागतात, तांबं विकायला काही लागत नाही. माझी पहिली चोरी छोट्या हत्तीतून झाली. रब्बीचा हंगाम, हरभऱ्याला पाणी, रात्रीची लाइन. एका वावरातून साडेअकराला घरी आलो. डाल्यात नव्वद मीटर नवी केबल आणि वायंडिंगची तार, वर ताडपत्री दोरीनं बांधलेली. म्हटलं सकाळी उतरवू. सकाळी ताडपत्री घडी करून ठेवलेली होती, एवढी सभ्यता! तिसऱ्या दिवशी नाल्याच्या काठी जळालेल्या पीव्हीसीचा काळा ढीग सापडला. तांबं केव्हाच भट्टीच्या वाटेला लागलं होतं. तेव्हापासून कितीही रात्र झाली, हात गळून गेले, तरी तांबं गाडीत राहत नाही. तार, केबल, मेगर आणि ड्रिल मशीन या चार वस्तू घरात येतात. बाकीचं राहिलं तर राहू दे. सगळंच रोज उतरवायचं ठरवलंत तर आठ दिवसांत कंटाळाल आणि मग काहीच उतरवणार नाही.

म्हणून या चार वस्तूंसाठी वेगळी, कडीची, एका हातानं उचलता येईल अशी पेटी करा. जड सामानाची मोठी पेटी गाडीतच पक्की. ती गावातल्या वेल्डरकडून १६ गेजच्या पत्र्याची बनवून घ्या. आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ: १८ गेज टॉमीनं (लोखंडी पहारीनं) उचकटतं, १४ गेज उगाच जड होतं. तळाला चार बोल्ट, गाडीच्या तळपत्र्याखालून जाड पट्टी लावून, आणि नट पेटीच्या आतल्या बाजूला येतील असे. नुसते पत्र्यात आवळलेले बोल्ट पत्र्यासकट निघतात. झाकणाची कडी-कोयंडा बाहेर लोंबता ठेवू नका. कुलूप पेटीच्या खोबणीत बसेल आणि टॉमीला धरायला जागाच मिळणार नाही अशी रचना करायला सांगा. गोल चकतीसारखी कुलपं मिळतात, ज्यांची कडी बाहेर फारशी दिसत नाही, ती घ्या. गाडीत वेल्डिंग करायचंच झालं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा, नाही तर इंजिनाचा कॉम्प्युटर जळतो, आणि पेट्रोलच्या नळीजवळ वेल्डिंग करूच नका. मी पेटी बाहेर बनवून आत नुसती बोल्टनं बसवली.

ईकोचे सरकते दरवाजे आणि मागचा दरवाजा यांची मूळ कुलपं साधी आहेत. मागच्या दरवाज्याला आणि दोन्ही सरकत्या दरवाज्यांना वेगळी कडी बसवून घेतली तर हजार-दोन हजारांत काम होतं. काचा असलेली गाडी असेल तर मागच्या काचांना आतून लोखंडी जाळी लावा. आत काय आहे ते दिसलंच नाही तर निम्मं काम होतं.

घरी लावताना मागचा दरवाजा भिंतीला टेकेल अशी लावा, आणि एक बाजू गोठ्याच्या भिंतीला. मग उरतो एकच सरकता दरवाजा, तो अंगणाकडं, जिथं तुम्ही झोपता आणि कुत्रं बसतं. गावठी कुत्र्याला रोज एक भाकर टाका, सीसीटीव्हीपेक्षा ते बरं, लाइन गेली तरी भुंकतं.

रात्रीपेक्षा धोक्याची वेळ दुपारची आहे. गाडी पांदणीच्या तोंडाशी आणि तुम्ही चारशे मीटर आत विहिरीवर, हात ग्रीसनं भरलेले. किंवा बाजारात टपरीवर पाच मिनिटांचा चहा. तुमची डिक्कीची चोरी अशीच झाली. सवयच लावून घ्या, दरवाजा सरकवला की कुलूप, मग पुढचं पाऊल. चावी खिशात ठेवू नका, विहिरीत वाकताना पडते. मी करदोड्याला बांधतो, पोरं हसतात, हसू द्या. दुसरी चावी घरी कपाटात. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते आणि एक हरवली असेल तर दावा लोंबकळत ठेवते. चावी गाडीला लावून उतरलात आणि गाडी गेली, तर निष्काळजीपणा म्हणून पैसे कापतात किंवा देतच नाहीत.

दुसरी चोरी ऐका. नातेवाईक नागपुरात दवाखान्यात भरती होते, ईको रात्रभर बाहेर रस्त्यावर. सकाळी चावी फिरवली तर ट्रॅक्टरसारखा आवाज. सायलेन्सर गायब! तेव्हा मला माहीत नव्हतं, पण ईकोच्या सायलेन्सरच्या चोऱ्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत खूप झाल्या आहेत. त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, चोर आतली माती काढून विकतात. ईको खालून मोकळी, नट समोरच, दहा-पंधरा मिनिटांचं काम. नवा बसवायला जो खर्च आला त्यात मी दुसरा मेगर घेतला असता. आता त्याभोवती दहा मिलिमीटरच्या सळयांचा पिंजरा करून चेसीसला बोल्टनं बसवला आहे आणि बोल्टांची डोकी घासून गोल केली आहेत. गावात याची फार गरज नाही. नागपूर, अमरावती, यवतमाळला रात्री गाडी ठेवायची वेळ येत असेल तर करून घ्या, नाही तर पैसे देऊन राखणदार असलेल्या ठिकाणी लावा.

गाडीच न्यायची कोणी ठरवली तर? नव्या ईकोत इमोबिलायझर येतो. जुनीत फ्युएल पंपाच्या तारेत एक लपवलेला स्विच घाला, तुम्ही स्वतः इलेक्ट्रिशियन आहात, कोणाला विचारायची गरज नाही. फक्त वॉरंटी चालू असेल तर तारा कापू नका. सिमवाला जीपीएस दोन-तीन हजारांत बसतो, त्याचं सिम मात्र रिचार्ज करत राहा. माझ्या ओळखीच्या एकाचं सिम बंद पडलेलं होतं आणि त्याला ते गाडी गेल्यावर कळलं.

हत्यारांवर नाव घाला. लग्नाच्या भांड्यांवर नाव कोरून देणारा भांडीवाला तुमच्याही बाजारात असेल. त्याच्या त्याच मशीनवर ड्रिल, पाइप पाना, चेनकुप्पीचा हूक, सगळ्यावर गावाचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे पाच अंक कोरून घ्या. प्लास्टिकवर तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं. नाव असलेला पाना भंगारवाला लवकर घेत नाही. सगळ्याचे फोटो, बिलं आणि मेगर-मीटरचे सिरियल नंबर मोबाइलमध्ये ठेवा आणि बायकोच्याही मोबाइलवर पाठवून ठेवा. चोरीत मोबाइलही जाऊ शकतो.

चोरी झालीच तर ११२ ला फोन आणि त्याच दिवशी तक्रार. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, “आमच्या हद्दीत नाही” हे उत्तर चालत नाही. माल वाहणाऱ्या गाडीतून सामान चोरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रारीत गाडी मालवाहू असल्याचं लिहायला लावा. आणि पोलिसांची वाट न पाहता सकाळीच तालुक्यातल्या भंगारवाल्यांकडं स्वतः चक्कर मारा, ओळखीनं, भांडायला नाही. माझी चेनकुप्पी एकदा अशीच परत आली, बाराशे रुपये देऊन.

विम्याबाबत एक गैरसमज मी स्वतः बाळगून होतो. गाडीचा फुल विमा असला तरी आतली हत्यारं त्यात येत नाहीत. केबल गेली तेव्हा मी मोठ्या आशेनं कंपनीत गेलो, तिथल्या माणसानं पॉलिसीचं पान उलटून दाखवलं आणि चहा पाजून परत पाठवलं. हत्यारांसाठी चोरीची वेगळी पॉलिसी असते. घेताना एवढंच विचारा की माल गाडीत असतानाही चालते का, की फक्त दुकानात. उत्तर लेखी घ्या. सोबत जाणाऱ्या पोराच्या अपघातासाठीही जादा हप्ता भरून संरक्षण मिळतं, रक्कम किरकोळ असते, ते टाळू नका.

एक गोष्ट चोरीची नाही, पण गाडीतलीच. सॉल्व्हंट सिमेंट, थिनर आणि वायंडिंगचं वार्निश उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, बंद पत्र्याच्या गाडीत त्याहून किती जास्त होत असेल विचार करा. डबा फुगतो, वाफ भरते आणि तुम्ही दार उघडून बिडी पेटवता.

शेवटी तुम्ही विचारलंय की गाडीवर नाव आणि नंबर लिहावा का. शहरातले लोक सांगतात लिहू नका, चोराला कळतं आत काय आहे. आपल्याकडं उलट आहे. पंचवीस गावांत ही गाडी कोणाची ते लिहिल्याशिवायही माहीत असतं, आणि रात्री दोन वाजता अनोळखी माणूस ती चालवताना दिसला तर फाट्यावरचा चहावालाही तुम्हाला फोन करतो. नंबर मागच्या दारावर मोठा लिहा. फक्त “वायंडिंग वायर व कॉपर केबल मिळेल” एवढी ओळ पेंटरला घालू देऊ नका; माझ्या पहिल्या ईकोवर त्यानं न विचारता घातली होती, ती मी सँडपेपरनं स्वतः घासून काढली.